एका घरात दोन सोनार असू शकतात

मा. केंद्रीय सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,



पंतप्रधान विश्वकर्मा योजना विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी अशा अठरा व्यवसायांच्या यादीत सोनारही आहे. हाताने आणि अवजाराने काम करणाऱ्या माणसाला आधी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, मग प्रशिक्षण आणि त्या दिवसांचे रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये, पुढे ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखाचे आणि ते फेडल्यावर २ लाखांचे विनातारण कर्ज, असा योजनेचा क्रम आहे. हा क्रम विचार करून लावलेला दिसतो. कारागिराला पैशाच्याही आधी ओळख लागते, हे ज्यांनी ओळखले त्यांना बाजारातली कारागिराची जागा नीट ठाऊक असणार. म्हणूनच योजनेतल्या एका अटीबद्दल आपल्याकडे मागणे मांडावेसे वाटते.

ती अट अशी आहे की नोंदणी आणि लाभ कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला मिळतात. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. अट ठरवताना हेतू सरळ असावा. निधी १३ हजार कोटींचा, मुदत २०२३-२४ ते २०२७-२८ अशी पाच वर्षांची. एकाच घरात चार-चार जणांनी लाभ घेण्यापेक्षा तो जास्त घरांत पोचावा. कुंभाराच्या किंवा लोहाराच्या घरालाही ही अट लागू आहे आणि तिथेही ती बाईलाच जास्त नडत असणार. सोनाराच्या घरात तर या अटीमुळे एक अख्खी कारागीर कागदावरून नाहीशी होते. नवरा ‘सोनार’ म्हणून नोंदला गेला की त्याच घरात, त्याच सोन्यावर, कित्येकदा त्याच्याइतकेच तास काम करणारी बायको योजनेच्या दृष्टीने कारागीर उरत नाही. नियम बाईचे नाव घेऊन तिला वगळत नाही, हे खरे. तिची नोंदणी केली तर नवऱ्याची होणार नाही, एवढेच तो म्हणतो. पण सेवा केंद्रात अंगठा द्यायला कोणी जायचे, हे ठरवताना कुठल्याही घरात कोणाचे नाव पुढे येते, हे आपल्यालाही सांगायला नको.

सोनारकामात बाईचा हात कुठे असतो, हे दुकानात बसून दिसत नाही. कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारातल्या काचेच्या कपाटात मांडलेला साज घ्या. त्याची परंपरेने २१ पाने: दशावतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, दोन माणिक-पाचूची आणि मध्ये ताईत. पानांच्या मधून जवमणी. हा साज होण्याआधी शुद्ध सोन्यात तांबे-चांदी मिसळून ते मुशीत आटवावे लागते, लगड पाडावी लागते, ती लाटून पत्रा किंवा जंत्रीच्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढून तार काढावी लागते. पत्रा ठशावर ठेवून हातोडीने नक्षी उठवायची, अर्धगोल उमटवायचे, सवागी लावून, डाग देऊन दोन अर्धे जोडायचे, पोकळ मणी लाखेने भरायचे, कानशीने कड साफ करायची, उजाळा द्यायचा. आणि मग गाठवायचे. मणी मापाने निवडून, पाने क्रमाने लावून, ताण सारखा ठेवून तार ओवणे आणि मागे गोंडा बांधणे हे सगळे गाठवण्यात येते. ठुशीत तर सगळा जीव या गाठवण्यातच असतो. मणी एकमेकांना खेटून बसले पाहिजेत आणि गळ्यावर टोचता कामा नये. एक फेर सैल गेला की ठुशी गळ्यात वेडीवाकडी बसते.

हे गाठवण्याचे काम फार मोठ्या प्रमाणात घराघरांतल्या बायका करतात. नथीचे मोती तारेत बांधणे, मोहनमाळेचे सर जुळवणे, कड्या वळणे ही कामेही त्यांच्याच हातची. हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत आणि भोवतालच्या गावांत चांदीच्या पैंजणांचे काम असेच पसरलेले आहे. सकाळी वजन करून माल घरी येतो, कड्या जोडून आणि घुंगरू लावून तो वजनावर परत जातो, घट ठरलेली, मजुरी ठरलेली. देशभरच्या बाजारांत हुपरीचे पैंजण ओळखले जातात. ज्या घरात ते जोडले गेले त्या घरातल्या बाईला मात्र कोणी ‘सोनार’ म्हणत नाही. ‘घरबसल्या चार पैसे मिळवते’ एवढेच तिच्याबद्दल बोलले जाते. ती स्वतःही विचारले तर असेच सांगेल.

मुंबईत हेच चित्र वेगळ्या कपड्यांत दिसते. १९७३ साली अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले, पुढे तिथे जडजवाहिरांचे निर्यात कारखाने आले. मेणाच्या नमुन्यांचे काम, मेणातच बारीक हिरे बसवणे, अशा टेबलांवर बायका पुष्कळ दिसतात, कारण त्या कामाला स्थिर हात आणि न कंटाळणारी नजर लागते. तिथे पगार आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, हजेरीपटावर नाव आहे. ही लहान गोष्ट नाही. पण पंधरा वर्षे हिरे बसवलेल्या बाईला उद्या स्वतःचे काही उभे करायचे झाले, तर तिला एकाच टेबलावरचे काम येत असते. सोने आटवण्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात दागिना देण्यापर्यंतचा अख्खा प्रवास तिने पाहिलेला नसतो.

तिसरा गट डिझायनरांचा. गेल्या काही दशकांत दागिन्यांच्या रचनेचे शिक्षण देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आणि तिथून मुली मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. त्यांच्यातल्या काहींनी स्वतःच्या नावाने दालने काढली, ती नावे मासिकांत झळकतात. त्यांचे यश खरे आहे. फक्त त्यांची घडण बहुतेक वेळा दुसऱ्या सोनाराच्या कामाच्या पेटीवर होते. ज्या बाईच्या हातात घडणही आहे आणि जिला पाटीही स्वतःचीच हवी आहे, पुढे दालन आणि मागे कारखाना असे जिला उभे करायचे आहे, तिच्यासाठी हे पत्र.

समजा, अशा एका सोनारणीने ठरवले की आता मजुरीचे काम पुरे, स्वतःचे दुकान काढायचे. तिच्या वाटेवर काय काय येते ते क्रमाने पाहू.

पहिली अडचण जागेची. दुकानाचे भाडेपत्र किंवा मालकीचा कागद तिच्या नावावर लागतो. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि ती चांगली सवलत आहे. पण ती राहत्या घराला आहे, दुकानाच्या गाळ्याला नाही. हा विषय राज्याचा आहे हे मान्य, तरी आपल्या मंत्रालयाने राज्यांना एक शब्द सुचवायला हरकत नसावी.

मग साठा. इथे आकडे बोलके आहेत. २०२५ साली १० ग्रॅमचा भाव लाखाच्या पलीकडे गेला. एक किलो सोने कपाटात मांडायचे तर कोटीच्या वर भांडवल. किलोचे सोडा, अगदी लहान दालनासाठी ३०० ग्रॅम ठेवायचे म्हटले तरी ३० लाखांवर गेले. विश्वकर्मा योजना सुरू झाली तेव्हा भाव ६० हजारांच्या आसपास होता. त्या वेळी पहिल्या १ लाखात दीड तोळ्याहून जास्त सोने येत होते. आता पुरता एक तोळाही येत नाही. कर्जाचा आकडा तोच राहिला आणि सोन्यात मोजले तर कर्ज जवळजवळ निम्म्यावर आले. सुताराच्या लाकडाचा भाव दोन वर्षांत असा दुप्पट झालेला नाही. अठरा व्यवसायांना एकच रक्कम लावताना सोनाराचा कच्चा माल कोणता आहे, याचा हिशेब वेगळा करायला हवा होता.

साठ्यानंतर काटा, आणि तो वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळून मुद्रांकित करून घ्यायचा. तिजोरी, कॅमेरे, विमा. वस्तू व सेवा कराची नोंदणी, सोन्यावर ३ टक्के. दोन लाखांवरच्या खरेदीला गिऱ्हाइकाचा पॅन. यातली एकही गोष्ट अनावश्यक नाही. सोन्याच्या व्यवहारात विश्वास कागदावर बांधलेला असावा, हे कोणीही मान्य करील. फक्त या प्रत्येक कागदावर ‘व्यवसायाचा पूर्वानुभव’ किंवा ‘व्यवसायाचा पुरावा’ अशा अर्थाची एक ओळ कुठेतरी येते, आणि तिथे तिच्याकडे दाखवायला काही नसते. वीस वर्षांच्या गाठवणीची पावती कोणी दिलेली नाही. मजुरी रोख मिळाली, हिशेब सराफाच्या वहीत नवऱ्याच्या नावावर.

बँकेत नेमके हेच आडवे येते. २०१६ साली स्टँड-अप इंडिया योजना आली, बाईला आणि अनुसूचित जाती-जमातीतल्या उद्योजकाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज, प्रत्येक शाखेने निदान एका बाईला द्यायचे होते; तिची मुदत २०२५ मध्ये संपली. २०२५ च्या अर्थसंकल्पात पहिल्यांदाच उद्योग करणाऱ्या ५ लाख स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी २ कोटींपर्यंतच्या मुदतकर्जाची घोषणा झाली. मुद्रा कर्जे आहेत. दागिने घडवणाऱ्यांना बँका सोन्याच्याच रूपात कर्ज देतात, वजनाने घ्यायचे आणि मालाची विक्री झाली की फेडायचे, अशीही सोय आहे, पण त्याला तारण लागते. वरच्या पायऱ्या आहेत, त्या रुंदही होत आहेत. विश्वकर्मा प्रमाणपत्र ही या जिन्याची पहिली पायरी. त्यावर सरकारच्या शिक्क्यासह लिहिलेले असते की ही व्यक्ती सोनार आहे. ते प्रमाणपत्र तिच्या हातात असते, तर तिच्या कर्जाच्या अर्जाला पहिले पान मिळाले असते. घरात ते आधीच एक आले म्हणून तिला ते मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, घरात एकाकडे कर्ज आले म्हणजे ते दोघांचेच. संसार चालवण्यापुरते ते खरे असेल. दुकान काढण्यापुरते ते खरे नाही. कर्जाची परतफेड ज्याच्या नावावर झाली, पत त्याची तयार होते.

अठराव्या शतकातले लंडन या बाबतीत शिकण्यासारखे आहे. १७०८ साली जन्मलेली हेस्टर बेटमन ही एका साखळ्या घडवणाऱ्या कारागिराची बायको. १७६० साली नवरा क्षयाने गेला आणि त्याने मृत्युपत्रात आपली अवजारे तिच्या नावे ठेवली. पुढच्याच वर्षी ती लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये गेली आणि स्वतःची मुद्रा नोंदवून आली. त्या काळच्या लंडनात सोने-चांदीच्या वस्तूवर घडवणाऱ्याची मुद्रा असणे सक्तीचे होते. हेस्टरला लिहिता येत नव्हते. तिने नोंदवली ती मुद्रा तिच्या नावाच्या दोन आद्याक्षरांची. बनहिल रो या रस्त्यावरच्या तिच्या कारखान्यात मुलगे आणि पुढे सूनही काम करू लागली. सुरुवातीची बरीच वर्षे ती दुसऱ्या दुकानदारांसाठी मजुरीनेच घडवत होती, त्यामुळे त्या काळातल्या तिच्या वस्तू फार सापडत नाहीत. १७७४ नंतर मात्र तिची मुद्रा उठलेले चमचे, चहाची भांडी, साखरेची परडी असा माल मोठ्या प्रमाणावर दिसू लागतो. शेफील्डचा चांदीचा मुलामा दिलेला स्वस्त माल तेव्हा बाजार काबीज करत होता. हेस्टरने त्याला तोंड दिले ते यंत्रावर लाटलेल्या पातळ चांदीच्या पत्र्याने: चांदी कमी, नक्षी नेटकी, किंमत मध्यमवर्गाला परवडणारी. ८२ वर्षांची होईतो तिने कारखाना चालवला, १७९० साली निवृत्त झाली, १७९४ साली वारली. आज तिचे चमचे संग्रहालयांत आहेत, आणि ते तिचेच आहेत हे सांगायला कोणा अभ्यासकाला अंदाज बांधावा लागत नाही, कारण चांदीवरच तसे लिहिलेले आहे.

हेस्टरला हा हक्क मिळाला तो विधवा झाल्यावर. कारागिराच्या विधवेला त्याचा धंदा पुढे चालवू देण्याची रीत लंडनमध्ये होती. नवरा असेपर्यंत तिची मुद्रा नव्हती. अडीचशेहून अधिक वर्षांनंतर आपल्या देशातल्या एका चांगल्या योजनेची अट बाईला जवळपास त्याच जागी आणून ठेवते, हे मनाला लागते.

हेस्टरच्या उलट कहाणी आल्मा पिल हिची. १८८८ साली मॉस्कोत जन्मलेली ही फिनिश मुलगी फाबर्जे या जवाहिऱ्याच्या सेंट पीटर्सबर्गच्या कारखान्यात रचनाकार होती. रशियाच्या झारसाठी १९१३ साली घडलेले ‘विंटर एग’ आणि १९१४ चे ‘मोझेक एग’ या दोन्ही रत्नजडित अंड्यांच्या रचना तिच्या. खिडकीच्या काचेवर साचलेले हिमकण पाहून तिला पहिली कल्पना सुचली असे सांगतात. जगाने त्या वस्तूंवर फाबर्जेचे नाव वाचले. क्रांतीनंतर ती फिनलंडला गेली आणि एका गावातल्या शाळेत चित्रकला शिकवत राहिली. आपल्या बाईंनी काय घडवले आहे, याची तिच्या विद्यार्थ्यांना कल्पना नव्हती.

आता आपल्याकडच्या मुद्रेकडे येऊ. भारतीय मानक ब्यूरोची सोन्यासाठीची हॉलमार्क योजना २००० साली आली, १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक (एचयूआयडी) नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने सोन्याच्या बाजारात गेल्या कित्येक वर्षांत झालेली ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. पूर्वी कसोटीच्या दगडावर आणि सराफाच्या शब्दावर भिस्त होती. आता बावीस कॅरट म्हणजे ९१६ हे दागिन्यावरच कोरलेले असते आणि मोबाइलमधल्या बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की दागिना कोणत्या नोंदणीकृत सराफाने, कोणत्या केंद्रातून, कोणत्या दिवशी तपासून घेतला ते कळते. सराफाच्या नोंदणीला शुल्क नाही आणि तिचे नूतनीकरणही करावे लागत नाही. सोनारणीने दुकान काढले तर तिला या दारातून सहज आत जाता येते. वार्षिक ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला हॉलमार्कची सक्ती नाही. नवख्या दुकानाला ती सूट फारशी उपयोगी नाही, कारण गिऱ्हाईक हल्ली एचयूआयडी विचारूनच पुढे बोलते, आणि ते योग्यच आहे.

एचयूआयडीमागच्या नोंदीत सराफ आहे, तपासणी केंद्र आहे. दागिना घडवणारा हात मात्र तिथे नाही. गुजरीतली ठुशी लंडनच्या चमच्याइतकी टिकेल, पण दोनशे वर्षांनी ती कोणी गाठवली हे कोणालाही सांगता येणार नाही. ब्यूरो आपल्या मंत्रालयाखाली येत नाही, ग्राहक व्यवहार विभागाकडे येतो, याची जाणीव आहे. पण विश्वकर्मा ओळखपत्राचा क्रमांक आपल्याकडे आहे आणि एचयूआयडी त्यांच्याकडे. सराफाची इच्छा असेल तर दागिन्याच्या नोंदीत घडवणाऱ्या कारागिराचा विश्वकर्मा क्रमांक जोडण्याची सोय करणे हे दोन मंत्रालयांमधले एक पत्र आणि संगणकातला एक रकाना एवढ्याचे काम आहे. सक्ती नको. सक्ती केली तर मजुरीच्या साखळीतले सगळेच घाबरतील. ऐच्छिक ठेवली तरी चांगले सराफ ती वापरतील, कारण ‘हे अमक्या कारागिराचे काम’ असे सांगून माल विकला जातो हे त्यांना माहीत आहे. जिच्या नावावर अशा पाचशे दागिन्यांची नोंद असेल, तिच्याकडे बँकेला अनुभवाचा पुरावा मागायची वेळ येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी पैशांच्या हिशेबात येत नाही. कारखाना घराबाहेर का हवा? केडीएम हा शब्द आपल्याकडे जाहिरातींमुळे घरोघरी गेला. केडीएम म्हणजे सोने जोडायचा असा डाग, ज्यात कॅडमियम असते. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते, सोने १०६४ अंशांना वितळते. म्हणजे सोने वितळण्याइतके तापण्याआधीच कॅडमियमची वाफ हवेत आलेली असते, आणि ती फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. आता जस्तासारख्या धातूंचे कॅडमियमविरहित डाग मिळतात, तेच वापरायला हवेत. त्यात तेजाबाची वाफ, उजाळ्याची धूळ. पेटी स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत असते तेव्हा हे सगळे पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या श्वासात जाते, आणि बाईच्या तर दोन्ही वेळा: कामावर बसली तरी आणि उठून चूल पाहायला गेली तरी. खानापूर, विटा, आटपाडी भागातली गलाईवाली माणसे दुष्काळाला कंटाळून पिढ्यान्पिढ्या देशभर गेली, केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेपर्यंत सोने-चांदी शुद्ध करत राहिली. लहानशा खोलीत भट्टी आणि तेजाब घेऊन बसणे म्हणजे काय, हे त्या घरांना विचारावे.

धूर बाहेर काढणारा पंखा, तेजाब धुऊन निचरा करण्याची व्यवस्था, लाटण्याचे यंत्र, लेझरने डाग देण्याचे यंत्र हे एकटीला परवडत नाही. आपल्याच मंत्रालयाच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्रांना पैसा मिळतो. दागिन्यांच्या गावांसाठी होणाऱ्या अशा प्रत्येक केंद्रात काही पेट्या बायकांसाठी राखीव असाव्यात, तासावर भाड्याने मिळाव्यात, आणि त्यांच्या वेळा घरच्या कामाच्या वेळांशी जुळणाऱ्या असाव्यात. दिवसातले चार तास चांगल्या यंत्रावर मिळाले, तर तिला आधी कारखाना बांधायची गरज पडणार नाही. पुढचे दालन आधी, मागचा कारखाना पाच वर्षांनी, असेही तिला जमेल.

सरकारचा एक नियम सोनाराचे आयुष्य किती बदलू शकतो, याचा या देशाला अनुभव आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि देशभर सोनारांच्या पेट्या बंद पडल्या. काहींनी जीव दिला. १९६८ साली त्याचा कायदा झाला, सोनाराला प्रमाणपत्रावर काम करावे लागले. तो कायदा १९९० साली रद्द झाला, तेव्हा अर्थमंत्री होते कोकणातून निवडून गेलेले मधू दंडवते. अर्थव्यवस्थेवर त्याचा परिणाम काय झाला, यावर आजही दोन मते असतील. सोनाराच्या घरात मात्र एकच मत ऐकू येते. दिल्लीत लिहिलेली एखादी ओळ गुजरीतल्या पेटीपर्यंत पोचते, आणि ती बदलताही येते.

म्हणून, मंत्री महोदय, मागणे थोडेच आहे. कुटुंबातून एकच कर्ज, ही अट निधीसाठी ठेवायची असेल तर ठेवावी. पण नोंदणी, प्रमाणपत्र, ओळखपत्र, प्रशिक्षण आणि अवजारांची मदत यांपासून ती वेगळी करावी. ज्या घरात दोन माणसे कारागीर असल्याचे ग्रामपंचायत किंवा नगरपालिका पडताळून सांगेल, तिथे दोघांनाही प्रमाणपत्र मिळावे. पडताळणीचे तीन टप्पे योजनेत आहेतच, नवे काही उभारायला नको. पडताळणी करणाऱ्यांना मात्र स्पष्ट लिहून द्यावे की गाठवणे, कड्या जोडणे, मोती बांधणे, मेणात खडे बसवणे ही सोनारकामाची अंगे आहेत. नाहीतर तिथेही कोणी ‘ही फक्त ओवते’ असे म्हणून अर्ज बाजूला ठेवील. सोनारांसाठी कर्जाची मर्यादा रुपयांऐवजी सोन्याच्या वजनाशी जोडता येईल का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. आणि ग्राहक व्यवहार विभागाशी बोलून हॉलमार्कच्या नोंदीत कारागिराच्या क्रमांकाला जागा करावी.

सराफकट्ट्यावरच्या जुन्या पाट्यांवर आजोबांचे नाव असते आणि पुढे ‘आणि सन्स’. त्या पाट्यांचा मान आहे, त्यांच्यामागे तीन-चार पिढ्यांचा सचोटीचा व्यवहार आहे. त्या दुकानांचा माल घडवणाऱ्या बायकांना स्वतःची पाटी लावायची झाली, तर सरकारने त्यांना सोनार म्हणून ओळखलेले असावे, एवढेच इथे मागितले आहे. योजनेची मुदत मार्च २०२८ मध्ये संपते आहे. त्याआधी मार्गदर्शक सूचनांमधली ही एक अट आपण बदलावी, ही विनंती.